तुम्ही विचारलंत म्हणून: सेगमेंटेशन फॉल्ट आला, आता बघायचं कुठे?

प्रश्न साधारण असा असतो: 'आमचा पायथनचा प्रोग्रॅम एका सी लायब्ररीतली फंक्शन्स वापरतो. मधेच बंद पडतो. एक्सेप्शन नाही, ट्रेसबॅक नाही, नुसतं "सेगमेंटेशन फॉल्ट". ज्या ओळीवर पडतो ती ओळ तर अगदी साधी आहे. मग शोधायचं कुठे?'

सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे प्रोग्रॅमनं आपली नसलेली मेमरी गाठायचा प्रयत्न केला आणि कर्नलनं त्याला थांबवलं. अडचण त्या साध्या ओळीपाशीच आहे. प्रोग्रॅम जिथे पडतो ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. पायथनमध्ये चुकीचा इंडेक्स दिला की तिथल्या तिथे इंडेक्सएरर मिळतो, कारण ती भाषा पावलोपावली तपासते. सी तपासत नाही, आणि दोन भाषांच्या सीमेवर तर दोघींपैकी कोणीच तपासत नाही. पॉइंटर किती बाइटचा, मेमरी मोकळी कोणी करायची, ऑब्जेक्ट कुठवर जिवंत राहणार, कॉल कुठल्या थ्रेडवरून येणार, हे सगळं तिथे विश्वासावर चालतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे स्टॅक (कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं त्याची यादी) मिळवा आणि या चारपैकी कुठला करार मोडलाय ते ठरवा. नुसता कोड वाचत बसलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

सुरुवात एक्झिट कोडपासून, म्हणजे प्रोग्रॅम संपताना शेलला मिळणाऱ्या आकड्यापासून करा. शेलमध्ये १३९ दिसला तर तो १२८ अधिक ११, म्हणजे सिग्नल ११, खरा सेगमेंटेशन फॉल्ट. १३४ असेल तर सिग्नल ६, म्हणजे प्रोग्रॅमनं स्वतःच अबॉर्ट केलंय: मेमरी अ‍ॅलोकेटरला गडबड दिसली, असर्ट फेल झाला किंवा सी++ चं एक्सेप्शन कुणीच पकडलं नाही. अशा वेळी स्टँडर्ड एररवर एखादी ओळ छापलेली असते, ती आधी वाचा. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून कुणीतरी प्रोसेस मारली, बहुधा मेमरी संपली म्हणून कर्नलनं. तो शोध वेगळा. पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवत असाल तर हेच आकडे -११, -६ आणि -९ असे दिसतात.

मग 'पायथन३ -एक्स डेव्ह मेन.पीवाय' असं चालवा. यात फॉल्टहँडलर आपोआप सुरू होतो. हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून सोबतच येतं, आणि तरी ते माहीतच नसलेले कितीतरी लोक भेटतात याचं वाईट वाटतं. सिग्नल आला की पायथनचा स्टॅक छापून मगच ते प्रोसेस जाऊ देतं. यातला क्रम नेहमीच्या ट्रेसबॅकच्या उलटा असतो, सगळ्यात ताजा कॉल वर. तो उलटा वाचून भलतंच फंक्शन दोषी ठरवलं जातं, तेवढं जपा.

दुसरी, सीची बाजू जीडीबी या डीबगरमध्ये दिसते. 'जीडीबी --आर्ग्स पायथन३ मेन.पीवाय', मग 'रन', आणि पडल्यावर 'बीटी'. थ्रेड असतील तर 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. लायब्ररी '-जी' देऊन बांधलेली नसेल तर फाइल आणि ओळ क्रमांक दिसत नाहीत, आणि सिम्बॉल काढून टाकलेले असतील तर फंक्शनच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसू शकतात, तेव्हा ती आधी पुन्हा बांधा. पायथनची डीबग सिम्बॉल आणि जीडीबीची स्क्रिप्ट बसवली असेल तर 'पाय-बीटी' दिल्यावर पायथनचा स्टॅकही तिथेच मिळतो. क्रॅश कधीतरीच येत असेल तर 'यूलिमिट -सी अनलिमिटेड' करून कोअर फाइल (पडतानाच्या मेमरीची प्रत) साठू द्या. सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर 'कोअरडंपसीटीएल जीडीबी' शेवटचा कोअर थेट उघडून देतं.

आता करार. सीटाइप्स (पायथनमधून सी लायब्ररी बोलावण्याचं सोबत येणारं मॉड्यूल) वापरणाऱ्यांकडून सर्वांत जास्त मोडला जातो तो पॉइंटरच्या रुंदीचा. फंक्शन काय परत करतं हे, म्हणजे रेसटाइप, सांगितलं नाही तर सीटाइप्स धरून चालतं की ३२ बिटांचा इंट. सी फंक्शननं पत्ता दिला ७एफ८१२४५०९०१०, पायथनच्या हाती आला २४५०९०१०. वरचे चार आकडे गळाले. पुढच्या कॉलमध्ये हा अर्धा पत्ता सीकडे परत गेला, तिथे त्यावरून वाचायचा प्रयत्न झाला आणि प्रोग्रॅम पडला. स्टॅकमध्ये दिसतं ते दुसरं फंक्शन. चूक पहिल्याच्या घोषणेत.

याची गंमत अशी की कधीकधी हे चालून जातं. पायथनचा एक्झिक्युटेबल पीआयई पद्धतीनं (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढवता येईल असा) बांधलेला नसेल तर हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतो तो भाग) खालच्या पत्त्यांवर असतो, आणि छोट्या पत्त्यातून कापायला काही उरतच नाही. जीलिबसीचा मॅलॉक मात्र साधारण १२८ किलोबाइटच्या वरची मागणी सहसा एममॅपनं, म्हणजे कर्नलकडून थेट वेगळा तुकडा घेऊन भागवतो, ते पत्ते ७एफ-नं सुरू होतात. म्हणून 'छोट्या फाइलवर चालतं, मोठ्या फाइलवर पडतं' असं कुणी म्हटलं की मी आधी रेसटाइप बघायला सांगतो. त्याला सी_व्हॉइड_पी, म्हणजे पूर्ण रुंदीचा पॉइंटर द्या. आणि आर्गटाइप्सही (फंक्शनला काय काय पाठवायचं ते प्रकार) द्या, कारण सी_व्हॉइड_पी पायथनमध्ये साध्या आकड्याच्या रूपात येतो आणि आर्गटाइप्सशिवाय परत पाठवताना पुन्हा इंट म्हणून कापला जातो. अर्धीच दुरुस्ती करून 'रेसटाइप दिला तरी पडतंय' म्हणणारे पुष्कळ असतात, त्यामागे बहुधा हेच निघतं. लाँगचंही लक्षात ठेवा: ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४ बिटांच्या विंडोजवर ४ बाइटचा.

मालकीचा करार स्ट्रिंगपाशी मोडतो. लायब्ररी मॅलॉक करून स्ट्रिंग देते आणि मोकळी करायला वेगळं फंक्शन देते. रेसटाइप म्हणून सी_चार_पी दिलात की सीटाइप्स त्या स्ट्रिंगची नक्कल करून बाइट्स देतं आणि मूळ पत्ता हरवतो. मग ते बाइट्स मोकळं करणाऱ्या फंक्शनला दिले, की त्याच्या हाती जातो पायथनच्या ऑब्जेक्टच्या पोटातला पत्ता. अ‍ॅलोकेटर 'इनव्हॅलिड पॉइंटर' म्हणतो आणि १३४ येतो. इथेही सी_व्हॉइड_पी घ्या, सीटाइप्सच्या स्ट्रिंग_अ‍ॅटनं मजकूर वाचा आणि मूळ पत्ताच परत करा. ज्या लायब्ररीनं मेमरी घेतली तिनंच ती मोकळी करावी. विंडोजवर तर दोन डीएलएलचे हीप वेगळे असू शकतात, त्यामुळे तिथे 'फ्री तर फ्रीच आहे' हे चालत नाही.

आयुष्याचा करार कॉलबॅकमध्ये मोडतो. सीफंकटाइपनं कॉलबॅक कॉलच्या कंसातच बनवून दिला, तर ती ओळ संपताच त्याचा शेवटचा रेफरन्स जातो. सीकडे पत्ता उरतो, त्यामागचं काही उरत नाही. नोंदणी बिनतक्रार होते आणि पुढे कधीतरी घटना घडली की प्रोग्रॅम पडतो. जीडीबीत सगळ्यात वरची फ्रेम कुठल्याच लायब्ररीतली नसेल, नुसता पत्ता आणि प्रश्नचिन्हं असतील, तर हा संशय आधी घ्या. कॉलबॅक एखाद्या व्हेरिएबलमध्ये किंवा ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये धरून ठेवा, लायब्ररी तो वापरत असेल तोवर.

सीमधून एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांना हाच करार रेफरन्स काउंटच्या (ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत त्या आकड्याच्या) रूपात भेटतो. पायलिस्ट_गेटआयटम उसना रेफरन्स देतं, पायलिस्ट_सेटआयटम तुमचा रेफरन्स गिळतं. उसना घेतलेला आयटम हातात असताना मधे असं काही चाललं की ज्यानं लिस्ट बदलली, तर आयटम मेलेला असू शकतो. वापर संपेपर्यंत त्याचा काउंट वाढवून ठेवा. गिळलेला रेफरन्स तुम्ही पुन्हा कमी केलात तर क्रॅश तिथे होत नाही, बराच पुढे गार्बेज कलेक्टरमध्ये होतो. फॉल्टहँडलरच्या नव्या आवृत्त्या तेव्हा स्टॅकच्या वर 'गार्बेज-कलेक्टिंग' असं छापतात. ती ओळ दिसली की पडण्याच्या जागेचा नाद सोडा आणि आधी चाललेल्या एक्स्टेन्शनकडे बघा. संशयित कॉलनंतर लगेच जीसी.कलेक्ट टाकत गेलात तर क्रॅश चुकीच्या जवळ ओढता येतो.

-एक्स डेव्ह इथे आणखी कामी येतं. ते पायथनचा डीबग अ‍ॅलोकेटर लावतं: मोकळी झालेली मेमरी डीडी या बाइटनं भरली जाते आणि नवी, अजून न लिहिलेली मेमरी सीडीनं. पायथन ३.८ च्या आधी हे बाइट डीबी आणि सीबी होते. जीडीबीत एखाद्या पॉइंटरची किंमत डीडीडीडी अशी रांगेनं दिसली, तर मेलेल्या ऑब्जेक्टमधून वाचन चाललंय हे जवळपास नक्की.

थ्रेडचा करार थोडक्यात: लायब्ररीनं स्वतः बनवलेल्या थ्रेडवरून पायथनच्या एपीआयला हात लावण्याआधी पायजीआयएलस्टेट_एन्शुअर, नंतर रिलीज. सीटाइप्सचा सीडीएलएल कॉल चालू असताना जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडतो, म्हणून पायथनचा एपीआय त्यातून बोलवू नका, पायडीएलएल वापरा.

जावा आणि सी अशी जोडी असेल तर जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्रॅम) पडताना एचएस_ईआरआर_पीआयडीनं सुरू होणारी फाइल लिहून जातो. तिच्यात 'प्रॉब्लेमॅटिक फ्रेम' शोधा. पुढे मोठा सी असेल तर क्रॅश नेटिव्ह कोडमध्ये आहे, आणि लायब्ररीच्या नावापुढचा ऑफसेट अ‍ॅडर२लाइनला दिला की ओळ क्रमांक मिळतो. '-एक्सचेक:जेएनआय' लावून चालवा, म्हणजे जावा आणि सीच्या सीमेवरचे कॉल तपासले जातात. जीडीबी जोडलात तर आधी सिग्नल ११ वर न थांबण्याची सूचना द्या, कारण जेव्हीएम तो सिग्नल नल तपासण्यासाठी मुद्दाम वापरतो आणि निरोगी प्रोग्रॅमही शंभरदा थांबलेला दिसतो.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर मेमरीच्या चुका चालतानाच पकडणारा अ‍ॅड्रेससॅनिटायझर. लायब्ररी '-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस -जी' देऊन बांधा. पायथन स्वतः तसा बांधलेला नसल्यानं लिबएसॅन ही लायब्ररी एलडी_प्रीलोडमधून आधी चढवावी लागते, नाहीतर सॅनिटायझर सुरुवातीलाच रुसून थांबतो. पायथनमॅलॉक=मॅलॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही हवाच, कारण ५१२ बाइटपर्यंतचे ऑब्जेक्ट पायथन स्वतःच्या साठ्यातून वाटतो आणि सॅनिटायझरला त्यातलं काही दिसत नाही. लीकची तपासणी बंद ठेवा, नाहीतर खऱ्या तक्रारीवर भलत्याच तक्रारींचा ढीग पडतो. मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागला तर तो तीन स्टॅक देतो: कुठे वापरली, कुठे मोकळी झाली, कुठे घेतली होती. बहुतेक वेळा मधला वाचा.

दुरुस्ती झाल्यावर 'आता पडत नाही' एवढ्यावर थांबू नका. एक प्रिंट वाढवला तरी मेमरीची मांडणी सरकते आणि क्रॅश दडून बसतो. आधी ज्या इनपुटवर पडत होता तेच इनपुट, तीच सॅनिटायझरची बिल्ड, आणि आधी आलेला अहवाल या वेळी आला नाही, हे बघा. मग दुरुस्ती काढून एकदा चालवा. अहवाल परत आला तर चूक तीच होती.