वाईनमधलं काही कळत नाही? तरी या

नाशिकला राहते म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "वायनरी बघायला आवडेल, पण वाईनमधलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. मग टेस्टिंगला बसून करायचं काय?" पूर्वी हा प्रश्नच नव्हता, लोक पंचवटी, त्र्यंबकेश्वर करून परत जायचे. २००५ साली सुलाने गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली, मग इतर वायनऱ्यांनीही उघडल्या, आणि आता घरी पाहुणे आले की हा विषय निघतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

खुशाल बसा. द्राक्ष कुठल्या मातीतलं, पिंप कुठल्या लाकडाचं, हे वाईन करणाऱ्याला कळायला हवं. चाखणाऱ्याने आपल्याला काय आवडलं आणि काय नाही, एवढं प्रामाणिकपणे ओळखायचं. त्यासाठी एक पथ्य मात्र पाळा. ग्लासात वाईन पडली रे पडली की ओतणारा तिच्याबद्दल सांगायला लागतो. त्याला म्हणा, "दादा, आधी आम्ही चाखतो, मग तुम्ही सांगा." 'यात पेरू आहे, लिची आहे' असं एकदा कानावर पडलं की नाक पेरूच शोधत बसतं.

हे शिकलेल्यांच्या बाबतीतही होतं. बोर्दोमध्ये वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. व्हाइट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. किमतीचंही तसंच. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त वेळा किंमत न सांगता वाईन चाखायला दिली, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले: सामान्य माणसांना महाग वाईन किंचित कमीच आवडली होती. तेव्हा मेन्यूतल्या किमतीचा आकडाही चाखून झाल्यावर बघा.

माझ्या मावससासूबाई साताऱ्याच्या. आमच्याबरोबर पहिल्यांदाच टेस्टिंगला आल्या होत्या. सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाच्या व्हाइट वाईनचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय गं." शेजारच्या टेबलावरचे हसले. ओतणारा मुलगा मात्र थांबला आणि म्हणाला, "काकू, अगदी बरोबर." ढोबळी मिरचीला जो हिरवट वास असतो तो पायराझिन कुळातल्या द्रव्यांचा, आणि तीच या द्राक्षातही असतात. मावशींनी ते पहिल्या हुंगण्यात पकडलं. ज्यांनी वर्षानुवर्षं फोडणी नुसत्या वासावर ओळखली आहे, त्यांची नाकं या टेबलावर फार तयारीची असतात, असं माझं ठाम मत आहे. त्यांना फक्त बोलायचा धीर द्यावा लागतो.

पुढचा प्रश्न हळू आवाजात येतो: "मला गोडच आवडते, चालेल ना?" अगदी चालेल. जाणकाराने ड्राय, म्हणजे गोडी नसलेलीच प्यावी, हा समज कुठून आला कोण जाणे, पण त्याने अनेकांचा आनंद घालवला आहे. १९व्या शतकात रशियाला जाणारी शॅम्पेन चांगली गोड असायची. फ्रान्समधली सोतेर्न गोड आहे आणि जगातल्या महागड्या वाईनमध्ये मोडते. आपल्याकडेही द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची गोड वाईन करतात, ती जरूर मागा. फक्त शेवटी घ्या, कारण श्रीखंडानंतर ताक घेतलं तर ते उगाच जास्त आंबट लागतं.

एक गंमत करून बघा. जी गोड वाटते, तिचा घोट नाक धरून घ्या. गोडी तशीच राहिली तर साखर आहे. नाहीशी झाली तर ती फळांच्या वासाने वाटत होती. आपल्याला साखर आवडते की फळांचा वास, हे कळलं की पुढची बाटली निवडणं फार सोपं होतं.

मला स्वतःला शेनिन ब्लाँ आवडते, ड्राय आणि चांगली गार. नवऱ्याला शिराझ, ही रेड. काहींच्या जिभेला कडू चव जन्मतःच जास्त जाणवते, त्यामुळे एका बाटलीवर घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हावं अशी अपेक्षाच ठेवू नका.

रेड वाईन तुरट का, हे समजून घ्यायचं तर जानेवारी ते मार्च, काढणीच्या दिवसांत या. रेड सालीसकट, बियांसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बिया दोन्हींतून. बागेत विचारून एक मणी तोंडात टाका. थॉमसन, म्हणजे बाजारातली बिनबियांची द्राक्षं, खाणाऱ्याला तो वेगळाच लागतो: बारीक, जाड सालीचा, बियांचा आणि भलताच गोड. रस गिळा, पण साल दाढेखाली चावत राहा. हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि जीभ कोरडी पडते. लगेच रेडचा घोट घ्या, तेच पुन्हा जाणवेल.

ज्यांना रेड नको वाटते, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती गरम प्यायलेली असते. 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातली थंड खोली, १६ ते १८ अंशांची. आपल्या एप्रिलमधल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडा आणि पुन्हा ठरवा.

खाण्याचं म्हणाल, तर मिसळीबरोबर तुरट रेड घेऊ नका. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. किंचित गोडसर, गार व्हाइट त्यापेक्षा बरी. आमच्याकडे कोथिंबीर वडी तळली की स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन उघडतात, तिच्या आंबटपणाने तोंडातला तेलकटपणा जातो.

यायचं ठरलं तर शनिवार-रविवार टाळा, गर्दीत ओतणाऱ्याला बोलायला फुरसत नसते. गाडी कोण चालवणार ते निघतानाच ठरवा; त्या माणसाने टेस्टिंगला बसायचं नाही, त्याच्यासाठी बाटली घरी घेऊन या.