पसंती कुणी मागे घेतली?

तुळशीची लग्नं उरकली की मावशींचे फोन सुरू होतात. मावशी म्हणजे शहापुरात वधू-वर केंद्र चालवणाऱ्या बाई. नात्यातल्या नव्हेत, पण बेळगावात गिऱ्हाईकसुद्धा आठवड्याभरात मावशी-काका होऊन जातं. टिळकवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वेबसाइट हा जोडधंदा. केंद्राची साइट मीच बनवलेली.

त्या दिवशी मी शटर वर करत होतो तेवढ्यात फोन आला. ‘अरे, काय करून ठेवलास तू? निपाणीच्या माणसांची अब्रू घालवली की तुझ्या साइटनं!’

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांनी लेकीसाठी गडहिंग्लजचं स्थळ बघितलं आणि ‘पसंत’ दाबलं. मुलाच्या घरी मेसेज गेला, ‘वधूपक्षाने पसंती कळवली आहे.’ चार मिनिटांनी दुसरा गेला, ‘वधूपक्षाने पसंती मागे घेतली आहे.’ मावशींनी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रात्रीत दोनदा होय, दोनदा नाही. गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी मावशींनाच झापलं, ‘पोरखेळ लावलाय काय?’ इकडे व्यापाऱ्यांचा संशय भाऊबंदांवर. कुणीतरी पासवर्ड चोरून लग्न मोडायलंय, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की चोरायला पासवर्ड होताच कुठे? आईबापांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक घराला मी एक लांबलचक खासगी लिंक दिली होती. ती उघडली की तुम्ही आत. इतकी अगम्य अक्षरं कोण ओळखणार, असा माझा हिशेब. या युक्तीचा मला थोडा अभिमानही होता.

सर्व्हरचा लॉग काढला, म्हणजे कोण कधी कुठलं पान उघडून गेलं त्याची नोंदवही. रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी निपाणीहून ‘पसंत’ची लिंक उघडली गेली. ९ वाजून १६ मिनिटांनी अक्षर न अक्षर तीच लिंक पुन्हा उघडली, पण परदेशातल्या इंटरनेट पत्त्यावरून. हा दुसरा पाहुणा अजब होता. फोटो मागत नव्हता, पानाची सजावट मागत नव्हता, नुसता मजकूर नेत होता आणि स्वतःची ओळख कधीच्या काळातला इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझर अशी सांगत होता. मागचा महिनाभराचा लॉग चाळला, तर व्यापाऱ्यांनी जी जी पानं बघितली त्या प्रत्येकामागे काही मिनिटांनी हा हजर. खरं सांगतो, अंगावर काटा आला. मुलींचे फोटो, पत्ते, जन्मवेळा असतात त्या पानांवर.

या पाहुण्याचा इंटरनेट पत्ता कुणाचा ते शोधलं, तर तो एका अँटिव्हायरस कंपनीच्या नावावर निघाला. नाव लिहीत नाही.

फोनवर समजावून उपयोग नव्हता. एसटी पकडली, संकेश्वरमार्गे निपाणी. वखारीला लागूनच ऑफिस, तंबाखूच्या वासानं नाक चुरचुरत होतं. काका हिशेबाच्या कॉम्प्युटरवरूनच स्थळं बघायचे आणि त्यावर त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. मी साइटवर एक नवं पान टाकलं, नाव वेडंवाकडं, कुठूनही लिंक न दिलेलं. आधी माझ्या मोबाइलवरून उघडलं. चहा झाला, अर्धा तास गेला, कुणी आलं नाही. मग तसंच दुसरं पान काकांच्या मशीनवर उघडलं. पाचव्या मिनिटाला लॉगमध्ये पाहुणा! सॉफ्टवेअरमधली ‘वेब तपासणी’ बंद करून तिसरं पान उघडलं. सामसूम.

‘म्हणजे मी जिथं जातो तिथं माझ्या मागनं हा येतो?’ काकांनी विचारलं.

‘होय की. पान धोक्याचं नाही ना, ते बघायला. तुम्ही उघडलेला पत्ता कंपनीला जातो, मग त्यांचा सर्व्हर स्वतः येऊन बघून जातो.’

‘बँकेत पण?’

बँकेत लॉगिन तुमच्या ब्राउझरपाशी असतं, त्याच्यापाशी नाही. त्याला फक्त बंद दार दिसतं, असं मी सांगितलं. आपल्या साइटवर मात्र किल्ली पत्त्यातच होती, हे सांगताना खाली बघावं लागलं. शिवाय एकाच लिंकवर पहिल्यांदा पसंती नोंदवणं आणि दुसऱ्यांदा काढणं, हा उद्योगही माझाच. नुसती लिंक उघडल्यानं काही बदलू नये, बदल करायचा तर वेगळी विनंती पाठवावी, हे वेबच्या १९९९च्या नियमावलीतसुद्धा लिहिलेलं आहे. २००५ मध्ये साइट लवकर उघडाव्यात म्हणून गुगलनं काढलेला वेब अॅक्सेलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा, त्यात ‘डिलीट’च्या लिंकाही उघडल्या गेल्या आणि लोकांची माहिती उडाली. २००८ मध्ये एव्हीजी या अँटिव्हायरसचा लिंकस्कॅनर शोधात आलेले निकाल आधीच तपासायचा, तेव्हा जगभरच्या साइटवाल्यांना न आलेली माणसं मोजावी लागली. ओरड झाल्यावर कंपनीनं ती पद्धत बदलली. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरीही.

पण काकांच्या मशीनवरच्या कंपनीलाही मी सोडत नाही. घरात माणूस शिरतो तर निदान खाकरतो. हा वेष बदलून येत होता.

निपाणीतच बसून ‘पसंत’ला खरं बटण केलं, काढायला वेगळं, आणि प्रवेशाला मोबाइलवर ओटीपी. त्या पाहुण्याला सरळ अडवता आलं असतं, पण मग साइटच संशयास्पद ठरायची, म्हणून तसं केलं नाही. काकांनी गडहिंग्लजला फोन लावला. ‘मशीननं नको म्हटलं हो, आम्ही नव्हे.’ पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, ‘तुम्ही स्वतः येऊन सांगा, मग बघू.’ काका त्याच संध्याकाळी निघाले.

बेळगावला परतलो तर मावशी वेगळ्याच कारणानं रागावलेल्या. प्रत्येक स्थळाखाली ‘किती जणांनी पाहिलं’ हा आकडा असतो. त्यातून मी तपासणीवाल्यांच्या भेटी वजा केल्या होत्या. एका मुलीचा आकडा ६१वरून ३४वर आला होता.

‘तिच्या आईला मी काल एकसष्ट सांगितलंय,’ मावशी म्हणाल्या. ‘आता काय सांगू?’