गाडीची कोजागरी

सकाळी किल्ली फिरवावी आणि सेल्फऐवजी नुसतं 'कट-कट-कट' ऐकू यावं. निदान लगेच होतं: बॅटरी गेली. नवी बसते आणि पंधरवड्यात तीही उतरते. चोर घरातच ठेवून तिजोरी बदलली, की दुसरं काय होणार?

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल रात्रभर सोडवून ठेवावी. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना पुरतो. सकाळपर्यंत 12.6 व्होल्टवरून 12.2 वर आली, तर दोष तिच्याच पोटात. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसत नसतील, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, तपासावा. दोन्ही ठीक निघालं, की मग खरी कोजागरी. को जागर्ति? गाडी झोपल्यावर जागं राहून वीज कोण पितंय?

मल्टीमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घालावी आणि मीटर सोडवलेली केबल व निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मधे जोडावा. फ्यूजबॉक्ससाठी दार उघडं लागतं, म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवावं; गाडीला वाटतं, दार लागलं. (नंतर हँडल ओढून ते मोकळं करायला विसरू नये, नाहीतर दार आपटून लॅच वाकेल.) सुरुवातीचा आकडा अँपिअरमध्ये असला तरी घाबरू नये. हल्लीच्या गाड्या लहान मुलांसारख्या, अर्धा-पाऊण तास कुशी बदलतात. तोवर सेल्फ अजिबात मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा 50 मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर ठीक. 400 वर अडला तर कोणीतरी जागं आहे. फ्यूज उपटत सुटलं की झोपलेलं मॉड्यूलही (गाडीतला छोटा कंप्युटर) उठून बसतं. त्यापेक्षा फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजावेत. शून्य म्हणजे तिथे सामसूम. सगळेच शून्य निघाले, तर संशय अल्टरनेटरमधल्या, वीज उलटी वाहू न देणाऱ्या डायोडवर, किंवा बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर आणि डॅशकॅमवर. यांच्या वायरी पुष्कळदा थेट बॅटरीवरून ओढलेल्या असतात.

400 चा आकडा मात्र ओळखीचा. डिक्कीतला किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातला 5 वॉटचा दिवा एवढंच खातो: दिवसाला जवळपास 10 अँपिअर-अवर. 35 अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या सकाळी हात वर करते. फोनवर व्हिडिओ चालू करून तो कप्प्यात ठेवावा, झाकण लावावं. चित्र काळं झालं नाही, तर झाकणाचा स्विच अडकलाय.