हिरवा खांब

बुडापेस्टला जायच्या आधी तीन आठवडे आमच्या घरात ऑटोमन तुर्कांचा मुक्काम होता. सकाळच्या चहाबरोबरच नवरा सुरू व्हायचा. तुर्कांनी १५४१ मध्ये बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, घेतलं, १६८६ पर्यंत सोडलं नाही. गेलेर्त टेकडीच्या पायथ्याशी जमिनीला भेग आहे, तिथून गरम पाणी आपसूक वर येतं, म्हणून त्यांनी तिथेच हमाम बांधले. त्यातलं रुदाश त्याचं लाडकं. दहा मीटरचा घुमट, खाली आठ खांब आणि त्यातला एक हिरवा. तुर्क त्यावरूनच त्या जागेला ओळखायचे म्हणे. मी 'हो का' म्हणत मेथी निवडायचे.

आणि एवढा अभ्यास केलेल्या माणसाने तिथे जायला वार निवडला मंगळवार. मंगळवारी तुर्की भागात फक्त बायका!

तिकीट खिडकीतल्या बाईने आधी पाटीकडे बोट केलं, मग त्याच्याकडे. त्याची रवानगी पोहण्याच्या तलावाच्या बाजूला झाली, तिथे रोज सगळ्यांना मुभा असते. पंढरपूरला जाऊन महाद्वारातून परत फिरावं तसा चेहरा झाला त्याचा. "तू बघून ये," म्हणाला, "पण नीट बघ."

मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधतात, तो टेकवला की कपड्यांची खोली उघडते. वाफेने काचा धुरकटतील म्हणून चष्मा मी तिथेच ठेवला. अंगात गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख, वर घट्ट धरलेला टॉवेल. आत गेले तर निम्म्या बायकांच्या अंगावर काहीच नाही. साठीच्या, सत्तरीच्या, ऑपरेशनचे व्रण मिरवत निवांत बसलेल्या. टॉवेल आवळून उभी असलेली मीच काय ती विचित्र दिसत होते, आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दोन मिनिटांनी मी तो टॉवेल खुंटीला लावला.

आत बराच अंधार. घुमटाच्या भोकांत रंगीत काचा, त्यातून उजेडाचे तिरपे पट्टे पाण्यावर उतरतात. मधलं अष्टकोनी कुंड ३६ अंशांचं, चार कोपऱ्यांत चार लहान कुंडं: २८, ३०, ३३ आणि ४२. वास थेट वज्रेश्वरीचा. लहानपणी आजीने तिथे कडेला बसवून तांब्याने अंगावर पाणी ओतलं होतं, तेव्हा मी भोकाड पसरलं होतं.

४२ च्या कुंडात एक आजीबाई गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. त्यांनी शेजारची पायरी थोपटली. मी पाय घातला आणि काढला. आई बंबातलं कढत पाणी काढून त्यात विसण घालायची. इथे विसण नाही, इथे माणसानेच उठून गारातून गरमात आणि गरमातून गारात जायचं. पण आजीबाई बघत होत्या, म्हणून बसले. त्यांनी थोड्या वेळाने 'ऊठ' अशी खूण केली. मी मान हलवून बसून राहिले. आपण काय, चैत्रात डोंबिवली लोकल पकडणारी माणसं!

उठले तेव्हा घुमट फिरला. नंतरचं आठवतं ते एवढंच की कोपराला घट्ट पकड होती आणि मी दगडी कठड्यावर बसले होते. आजीबाई कपाळावर ओला हात ठेवून हंगेरियनमध्ये मला यथास्थित झापत होत्या. एक शब्द कळला नाही, अर्थ सगळा कळला. मग त्यांनी मला २८ च्या कुंडात नेऊन बसवलं, लहान पोरीला बसवावं तसं, आणि स्वतः १६ अंशांच्या हौदात एक बुडी मारून आल्या. मलाही बोलावलं. मी हात जोडले. खूप हसल्या.

दुसऱ्या दिवशी सेचेनी नावाच्या दुसऱ्या स्नानगृहात गेलो. १९१३ चं, राजवाड्यासारखं पिवळंधमक, पाण्यात बुद्धिबळ खेळणारे म्हातारेसुद्धा होते. पण पाण्यापेक्षा मोबाईल जास्त. नंतरचे तीन दिवस व्हिएन्नात गेले.

पण मंगळवारचं राहिलंच. बाहेर नवरा वाट बघत होता. गच्चीवरच्या गरम तलावातून अख्खी डॅन्यूब नदी दिसली म्हणे, तरी तोंड पाडलेलंच.

"खांब किती?"

"आठ." मोजले कुणी होते? त्यानेच तर सांगितलं होतं.

"आणि हिरवा कुठला? दाराजवळचा?"

"हो, तोच."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चष्मा लावला होतास ना?"

तेवढ्यात १९ नंबरची ट्राम आली.