बदललेला घोडा, ओरिजिनल पिस्तूल

जुन्या पिस्तुलांचा नाद असलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळं ओरिजिनल आहे ना?" मला हा प्रश्न आता खटकायला लागलाय, कारण याच प्रश्नापायी कितीतरी चांगली पिस्तुलं खराब केली गेलीत.

कसं ते सांगतो. आधी चकमकीचं पिस्तूल होतं, म्हणजे घोड्याच्या (चाप ओढला की पुढे आपटतो त्या भागाच्या) तोंडात गारगोटीचा दगड, तो पोलादी पट्टीवर आपटायचा, ठिणगी रंजकात, म्हणजे बाहेरच्या छोट्या दाणीतल्या दारूत, पडायची आणि बार उडायचा. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे केप आली, म्हणजे घोड्याचा ठोका बसला की फुटणारी छोटी टोपी, आपल्याकडे कोकणात अजून केपाची बंदूक म्हणतात तीच. मग १८३०-४० च्या सुमारास लोकांनी काय केलं, चांगलं चालणारं चकमकीचं पिस्तूल टाकून कशाला द्यायचं, लोहाराकडे किंवा बंदूकवाल्याकडे नेलं, रंजकदाणी कापली, तिथे निपल, म्हणजे केप बसवायची पोकळ नळी, बसवलं, नवा घोडा लावला, झालं. हे काम त्या काळातलं, वापरणाऱ्याने गरजेपोटी करून घेतलेलं. पुढे जुन्या वस्तू जमवणारे कलेक्टर लोक चकमकीच्या पिस्तुलाला जास्त पैसे मोजायला लागले तसे व्यापाऱ्यांनी तीच पिस्तुलं परत उलटी फिरवली, जुनं केपाचं काम काढून फेकलं आणि हल्लीचे ओतीव भाग बसवले. म्हणजे ओरिजिनल दिसावं म्हणून जे खरंखुरं जुनं होतं तेच गेलं!

ठाण्यात नौपाड्याला माझ्या एका मित्राकडे असंच केपावर बदललेलं एक पिस्तूल आहे, घरातलं, वारशाने आलेलं. लॉकच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेच्या, बाहेरच्या पट्टीवर मुकुट धरलेला उभा सिंह आहे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं आणि १८०८ नंतरचं, त्याआधी कंपनीचा पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा. नळीला मागच्या बाजूला आरपार तडा गेलाय त्यामुळे ते आता हत्यार राहिलेलंच नाही. एक व्यापारी त्याला म्हणाला, "साहेब, चकमकीचा सेट बसवून देतो, वस्तू एकदम ओरिजिनल होईल." मित्राने मला फोन केला, मी म्हटलं अरे हात लावू देऊ नकोस, मी येतो.

लॉक सोडवून उलटं केलं, मोबाईलचा टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. तेव्हा प्रत्येक भाग हाताने कानस मारून जुळवायचे त्यामुळे कुठला भाग कुठल्या पिस्तुलाचा हे कळावं म्हणून आतून खुणा करून ठेवायचे. इथे लॉकच्या पट्टीवर दोन बारीक आडव्या रेघा, आतल्या चापाच्या भागांवर तशाच दोन रेघा, आणि घोड्यावर काहीच नाही. घोडा नंतरचा. त्याच्या मानेवर कानशीचे ओरखडे अजून दिसतात, वाकडेतिकडे, घाईत काम केल्यासारखे. पट्टीवर रंजकदाणीच्या स्क्रूचं भोक लोखंडाने बुजवलेलं, बोट फिरवलं तर लागतही नाही, फक्त रंग जरा वेगळा. मला हे अख्खं पिस्तूल त्या एका बुजवलेल्या भोकासाठी आवडतं.

उलटी फिरवलेली वस्तू ओळखायची तर गंज बघा. केप फुटल्यावर मागे राहणारा थर लोखंड खातो, निपलच्या भोवती नळीला खड्डे पडतात. आता नळीवर खड्डे आहेत पण शेजारची रंजकदाणी गुळगुळीत, पोलादी पट्टीवर दगडाचे उभे ओरखडे नाहीत, तर ती जोडी नंतर जमवलेली आहे, कोणी काहीही सांगो.

बार ठासायचा गज, दगड, एखादा स्क्रू बदलला असेल तर मी त्यावरून भांडत नाही, ते वापरात हरवायचे, झिजायचे. दस्त्याला तडा गेला म्हणून कोणीतरी पितळी पट्टी मारली असेल तर ती काढायला सांगणाऱ्याशी मात्र भांडतो. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी, १८५१ च्या नेव्ही मॉडेलमध्ये फ्रेम, नळी, सिलिंडर, चापाचं कडं, सगळ्यांवर एकच नंबर मारलेला असतो, तिथे जुळणाऱ्या नंबरांना अर्थ आहे कारण ते कारखान्यातूनच तसं निघालं. पण घासून नवीन नंबर ठोकलेले भाग पाहिलेत मी, आणि त्यापेक्षा न जुळणारा खरा नंबर शंभरपट बरा.

आणि आपल्याकडे कायद्याचाही एक मुद्दा आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५, जुन्या कालबाह्य हत्याराला सूट आहे पण दुरुस्ती करून किंवा न करता ते वापरता येणारच नसेल तरच. म्हणजे नवीन स्प्रिंग टाकून घोडा चालू करायची हौस तुम्हाला सरळ अडचणीत आणू शकते. स्प्रिंग तुटलेली असेल तर राहू द्या तुटलेली, तुकडा पाकिटात घालून, वर काय आणि कुठला ते लिहून पिस्तुलासोबत ठेवा, आणि वस्तू आजोबा-पणजोबांची असली तरी लायसन्स लागतं की नाही हे पोलीस आयुक्तालयात लेखी विचारून घ्या, व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.