आडवी बाटली

ब्रसेल्समध्ये माझ्या टेबलावर पहिल्यांदा गूझ नावाची आंबट बियर आली ती टोपलीत निजून. वेताची लांबट टोपली, त्यात बाटली आडवी, बूच जेमतेम वर. शेजारच्यांनी मानही वळवली नाही. मला मात्र बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखं झालं. आवाज आपोआप खाली आला.

वेटरने बूच टोपलीतच काढलं. तळघरात ही बाटली वर्षानुवर्षं आडवी पडलेली, यीस्टचा गाळ एका कुशीला बसलेला. उभी केली की तो उठणार आणि बियर गढूळ होणार. पूर्वी अशा बाटल्यांना लेबल नसे, चुन्याचा एक फराटा असे: ही बाजू वर. संपलं. ओतायचंही हलक्या हाताने आणि शक्यतो एका दमात, ग्लासामागून ग्लास.

ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागात १९०० सालची काँतियों ब्रुअरी आहे. तिथे थंडीच्या दिवसांत धान्याचा उकळलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतलं यीस्ट त्यात आपसूक येऊन पडतं. विरजण लावायचं नाही. मग लाकडी पिंपांत मुरवायचं. ही लॅम्बिक. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की गूझ, आणि फेस इथे येतो.

पिंपातल्या लॅम्बिकला फेस जवळजवळ नसतोच. तिला टोपली नाही, मातीचा भाजलेला जग. राखाडी, झिलईचा, हाताला गार; आपल्या लोणच्याच्या बरणीची चुलत बहीण. उडून जायला आत काही नाही, म्हणून तासभर गप्पा मारत बसा.

चव? चार दिवसांचं ताक, त्यात लिंबाची साल आणि मागे कुठेतरी गोठा. आमच्या आजीने ते सरळ कढीपत्त्याला घातलं असतं. पूर्वी ग्लासाबरोबर साखरेचे खडे येत, आणि ते चेचायला स्टूम्पर नावाची धातूची बुटकी दांडी. हल्लीचे जाणकार साखरेचं नाव काढलं की नाक मुरडतात. मला तर ती दांडी खिशात घालून आणावीशी वाटली.

दोन ग्लास झाल्यावर, किती उरलीय ते बघायला मी बाटली उचलून टेबलावर उभी केली. वेटर काही बोलला नाही. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पुन्हा टोपलीत निजवली. तिसरा ग्लास मी गढूळच प्यायलो.