गडग्यातलं खिंडार आणि शेपट्यांचा संग्रह

सावंतवाडीकडची आमची काजूची बाग. एका बाजूला जांभ्याचा जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, आणि गडग्यापलीकडे वनखात्याची हद्द. तिकडे परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, त्यामुळे माझे सगळे उद्योग गडग्याच्या अलीकडेच.

डिसेंबरात पहिल्यांदा ट्रेल कॅमेरा (समोरून जनावर गेलं की सेन्सरमुळे आपोआप फोटो काढणारा) बांधला तो छातीएवढ्या उंचीवर, पायवाटेला काटकोनात, तोंड पूर्वेला. चौकट मोठी देखणी दिसत होती. आठवड्याने कार्ड काढलं तर १,४१२ फोटो! जनावर असलेले नऊ. बाकी सगळ्यांत रानमोडीची एकच फांदी. सकाळचं ऊन तिच्यावर पडायचं, ती तापायची, वाऱ्याने डुलायची आणि कॅमेरा इमानदारीत तिचे फोटो काढत बसायचा.

त्या नवातही सात नुसत्या शेपट्या. एका शेपटीवर कडी होती, म्हणजे जवादी मांजर. दुसरी सरळ काळी, म्हणजे कांडेचोर. ओळख पटली, पण तोंड कुणाचंच दिसलं नाही.

याचं कारण सेन्सरच्या स्वभावात आहे. तो जनावर बघत नाही, समोरच्या पट्ट्यात सरकणारा उष्णतेतला फरक बघतो. आडवं जाणारं जनावर त्याला पटकन कळतं. पण कॅमेरा जागा होऊन फोटो काढेपर्यंत ते चौकटीबाहेर पोचलेलं असतं. नाकासमोरून सरळ चालत आलं तर उलट उशिरा कळतं. म्हणून कॅमेरा आता वाटेला साधारण ४५ अंशांत तिरका. सेन्सरला आडवी हालचाल मिळते आणि जनावरही चौकटीत जरा जास्त वेळ राहतं.

उंचीचा निकाल काकांनी लावला. फोटो बघून म्हणाले, "जनावर भुयेर चालता, तू कॅमेरो माडार कित्याक चढवलंस?" काजूच्या झाडाला माड म्हणणं जरा जास्तच झालं, पण मुद्दा बरोबर होता. आता भिंग जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर आहे. खोड थोडं कललेलं असल्यामुळे कॅमेरा बांधायच्या पट्ट्यामागे काजूचीच काटकी पाचर म्हणून ठोकली. तोंड उत्तरेला, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो आणि उगवतीचं ऊन भिंगात घुसत नाही.

खरा फरक मात्र जागेने पडला. गडग्याला एके ठिकाणी खिंडार आहे, जेमतेम दोन हात रुंद. तिथला खालचा दगड घासून गुळगुळीत झालेला, आणि फटीत साळिंदराचा एक काटा अडकलेला. इथे प्रत्येकाला थबकावं लागतं, पाय उचलावा लागतो. मोकळ्या वाटेवर जनावर चालत राहतं, इथे ते क्षणभर थांबतं, आणि आपल्याला तेवढाच क्षण हवा असतो.

चाचणी म्हणून कॅमेरा टेस्ट मोडवर टाकून मी खिंडारातून चार पायांवर रांगत गेलो. कुठे लाल दिवा लागतो, कुठे लागत नाही, ते बघून तीन मीटरवरचं खोड ठरवलं. आईने हे अंगणातून पाहिलं आणि काही न बोलता घरात गेली.

पहिल्या रात्रीचे फोटो पांढरेफटक आले, इतक्या जवळून फ्लॅश भाजतोच. फ्लॅशच्या अर्ध्या एलईडींवर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवले, सेन्सर मोकळा ठेवला. समोरचं गवत कोयत्याने भुईसपाट केलं. एका वेळी तीन फोटोंची सेटिंग ठेवली. लाकडं आणायला त्या वाटेने येणाऱ्या बायकांना कॅमेरा दाखवून ठेवलाय. त्यांचे फोटो कार्ड उघडलं की आधी पुसतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं कार्ड: ८६ फोटो, ३१ मध्ये जनावर. रात्री २:१७ ला साळिंदर आलं. पहिल्या फोटोत फक्त नाक आणि मिशा, दगडाच्या कडेला. दुसऱ्यात उजवा पुढचा पाय दगडावर, मानेवरची आयाळ मागे झुकलेली, पाठीवरचे काळे-पांढरे काटे एकेक मोजता येतील इतके स्पष्ट. तिसऱ्यात पुन्हा पाठमोरं, अर्धं बाहेर. शेपट्यांच्या संग्रहात एकाची भर.

आता बोंडू (काजूची फळं) पडायला लागलेत, तेव्हा रहदारी वाढेल. काल बघितलं तर कॅमेऱ्याच्या मागे लाल मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलेलं. पट्टा सोडताना मनगटापर्यंत चावल्या.